पैलवानांची आखड

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे पैलवान म्हणतात. त्यांनी आयुष्यात एकही कुस्ती खेळलेली नाही. कुस्ती राहू द्या, सकाळी पलंगावरून उठून मोरीपर्यंत जायचं तरी त्यांना आधी भिंत धरून उभं राहावं लागतं. पण अंगापिंडानं असे, की नवा माणूस त्यांना बघून जरा मागेच सरतो. खांदे रुंद, मान जाड, दंड असे की तयार शर्ट त्यांना कधी बसलाच नाही. मी शिवणकाम करते. त्यांचे सगळे शर्ट मीच शिवले आहेत, त्यामुळे त्यांच्या बाहीचा घेर मला माझ्या नवऱ्याच्या बाहीपेक्षा जास्त पाठ आहे. नवऱ्याला हा विषय काढलेला आवडत नाही.

हे शरीर त्यांनी कमावलेलं नव्हतं. तो त्यांच्या दुखण्याचाच एक भाग होता, पण हे आम्हाला फार उशिरा कळलं. दुखणं सांगायला सोपं आहे. तुम्ही-आम्ही कपाची कडी धरतो आणि सोडतो. भाऊजी धरतात, आणि मग हात सुटायची वाट बघतात. स्नायू आवळतो तो झटक्यात, सैल मात्र आपल्या सवडीनं होतो. बराच वेळ स्वस्थ बसलेले असले आणि एकदम जोर लावायची पाळी आली, तर फारच. थंडीत आणखी. गंमत अशी, की तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की अंग मोकळं होत जातं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांना बघाल तर वाटेल, या माणसाला उचलून न्यावं लागणार. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तेच तुमच्या पुढे असतात.

त्यांच्या घरात याला ‘आखड’ म्हणत, आणि तेही दार लावून. आईला होती, मामाला होती, आजोबांना होती म्हणे. औषधपाणी कोणी केलं नाही. सगळ्यांनी मिळून मन लावून केली ती लपवालपवी. मुलांना अक्षरओळख व्हायच्या आधी तिचे धडे मिळत. चार माणसांत जायच्या आधी आडोशाला उभं राहून मूठ उघड-मीट करायची. पाय झटकून घ्यायचे. डोळे घट्ट मिटून उघडायचे. कोणी काही दिलं तर तळहातावर घ्यायचं, मुठीत घ्यायचं नाही. पाहुण्यांकडे बसावंच लागलं तर टेबलाखाली पाय चालू ठेवायचे. एखाद्या घरात जसं गाणं शिकवतात तसं हे त्या घरात शिकवत, आणि भाऊजी त्यात सगळ्यांत तयार. इतके, की दुकानात शिरायच्या आधी बाहेर उभे राहून मुठी वळायचे आणि दुकानदाराला वाटायचं, हा आज भांडायलाच आलाय.

ताईला लग्नाआधी कोणी काही सांगितलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी उठल्या उठल्या तिनं त्यांच्या हातात चहा दिला. चहा पिऊन झाला. ती रिकामा कप घ्यायला गेली.

“द्या ना.”

“घे की.”

“अहो, मग सोडा तरी!”

तिला वाटलं थट्टा चाललीय, म्हणून तिनं ओढला. त्यांनी सोडला नाही. ती हसायला लागली, तेही हसले, आणि हसता हसता त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग सगळं सांगितलं. “आईला कळू देऊ नकोस, मी बोललो म्हणून,” एवढंच वर म्हणाले.

ताईनं ते दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. माझं डोकं फिरलं. माझ्या जिभेला कात्रीइतकीच धार आहे, असं माझी गिऱ्हाइकं म्हणतात. मी निघालेच होते त्यांच्या आईला जाब विचारायला. ताईनं मला दारातच अडवलं. “माणूस चांगला आहे गं,” ती म्हणाली. तो होताच चांगला, आजही आहे. पण त्या बाईला मी मनातून कधी माफ केलं नाही, आणि पुढे जे घडलं त्यानंतर तर मला माफ करावंसंही वाटलं नाही.

भाऊजींनी मूल नको म्हटलं. “माझ्यापाशीच थांबू दे हे,” असं म्हणाले. ताई महिनाभर कोणाशी बोलली नाही, मग बोलायला लागली. त्या विषयावर आमच्या घरात पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही.

नोकरी त्यांना दुधाच्या डेअरीत मिळाली, तीही खांदे बघून. मॅनेजर म्हणाला, “हा गडी कोल्ड रूमला द्या, दोघांचं काम एकटा करेल.” जगातली सगळी खाती सोडून नेमकी थंडीची जागा. कोणी दुसरा असता तर सांगितलं असतं, साहेब, मला थंडी चालत नाही. पण सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागणार. म्हणून हे गप्प बसले आणि कामाला लागले.

आणि काम त्यांनी उत्तम केलं, कारण त्यांनी एक युक्ती काढली होती. ते कधी थांबायचेच नाहीत. कोल्ड रूममधून दुधाचे क्रेट काढायचे, धक्क्यावर आणायचे, गाडीत रचायचे, की परत आत. बाकीचे जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून पाय पसरायचे. हे डबा हातात घेऊन येरझाऱ्या घालत जेवायचे. लोक म्हणायचे, “पैलवान, जरा बुड टेका की, खुर्ची मोडणार नाही.” हे नुसते हसायचे. मॅनेजर इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचा, त्यामुळे इतर लोक त्यांच्यावर थोडे खार खाऊनही होते. सुट्टीच्या दिवशी घरी आले की ताई त्यांना जबरदस्तीनं बसवायची आणि म्हणायची, “इथं कोणी बघत नाही, आखडा हवं तेवढं.” मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली खरी विश्रांती तेवढीच.

असं बरीच वर्षं चाललं. डेअरीत कोणाला कशाचा सुगावा लागला नाही.

मग एक दिवस गाडीला उशीर झाला. वाटेत कुठं तरी बंद पडली होती. क्रेट सगळे धक्क्यावर येऊन पडले, करायला काही उरलं नाही. भाऊजी थकलेले होते, आदल्या दिवशी जास्तीचं काम केलं होतं. ते एका उपड्या क्रेटवर बसले. अंगाला घाम होता, मागच्या दारातून गार हवा येत होती. तसेच बसून राहिले.

लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासणारी एक बाई होती. ती नमुन्यांच्या बाटल्या घेऊन धक्क्याच्या पायऱ्या उतरत होती. पायऱ्या कायमच्या ओल्या. तिचा पाय घसरला. भाऊजींनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि तिचं मनगट पकडलं. बाटल्या फुटल्या, पण बाई वाचली. खाली सिमेंट होतं, डोकंच आपटलं असतं.

इथवर सगळं ठीक होतं. ती सावरली, उभी राहिली, म्हणाली, “सोडा आता, ठीक आहे मी.”

हात सुटेना.

“सोडा ना.”

“सोडतो,” हे म्हणाले. “सोडतोय.”

सोडायचा प्रयत्न केला की आणखी जोर लागतो, जोर लागला की पकड आणखी घट्ट. तिनं हात ओढला, तो निघेना, तशी ती घाबरली. ती ओरडायला लागली. यांच्या तोंडातून शब्द फुटेना, कारण घाबरल्यावर जबडाही आवळतो. आता बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल ते तुम्हीच विचार करा. एक दांडगा माणूस एका बाईचं मनगट धरून बसलाय, ती सोडा-सोडा म्हणतेय, आणि हा तिच्याकडे दात आवळून बघतोय. लोक धावत आले. दोघांनी मिळून बोटं उलगडली. बोटं उलगडताना एकानं यांच्या थोबाडीतही दिली. बाईच्या मनगटावर वळ उठले होते.

त्या बाईवर माझा राग नाही, हे इथेच सांगते. तिनं जे झालं तेच सांगितलं. त्यांनी मला पडता पडता धरलं, हेही सांगितलं. पण नंतर मी इतक्यांदा म्हणूनही हात सोडला नाही, का ते मला माहीत नाही, असं म्हणाली. तिच्या जागी मी असते तर यापेक्षा पुष्कळ जास्त बोलले असते.

भाऊजींना घरी बसवलं आणि चौकशी लावली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच वाद. मी आणि ताई म्हणत होतो, आता खरं सांगा. त्यांची आई म्हणत होती, नको. कारण काय, तर धाकटीचं लग्न ठरत आलं होतं. धाकटी म्हणजे भाऊजींची बहीण. तिलाही आखड होती, थोडी. माणसं येऊन बघून गेली होती, पसंती कळवली होती. धाकटी त्या दिवशी सकाळपासून हात-पाय हलवून तयार राहिली होती आणि कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

“अरे बाळा, तुझी नोकरी काय, दुसरी मिळेल,” आई म्हणाली. “तिचं एकदा मोडलं की मोडलं.”

“नोकरीचं कोण बोलतंय?” मी म्हणाले. “त्यांना लोक काय म्हणतायत ते कानावर आलंय का तुमच्या?”

“तू यात पडू नकोस. तू परक्या घरची.”

“मी परक्या घरची, पण निदान खरं तर बोलते.”

भाऊजी म्हणाले, “तुम्ही दोघी भांडू नका.” हे त्यांचं नेहमीचंच. आग त्यांच्या घराला लागलेली असायची आणि ते पाणी आमच्यावर ओतायचे.

शेवटी मधला मार्ग निघाला. मधला मार्ग निघाला की समजावं, कोणाचं तरी वाटोळं होणार. ठरलं असं, की भाऊजींनी आपल्यापुरतं सांगायचं. माझा हात कधी कधी सुटत नाही, एवढंच. घरात आहे, आईला आहे, बहिणीला आहे, यातलं अक्षर काढायचं नाही. मामानं येऊन साक्ष द्यावी म्हणून ताई त्याच्या पाया पडली. मामानं तिला दारातूनच वाटेला लावलं. “मला काही झालेलं नाही,” तो म्हणाला, आणि बोलताना दाराची कडी त्याच्या हातात अडकलेली ताईला दिसत होती.

चौकशीच्या दिवशी ताई आणि मी फाटकाबाहेर थांबलो. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. आत काय झालं ते भाऊजींनी सांगितलं आणि युनियनच्या माणसानंही नंतर घरी येऊन सांगितलं, आणि दोघांचं सांगणं जुळतं.

समोर मॅनेजर, मोठ्या ऑफिसातून आलेल्या एक मॅडम आणि युनियनचा माणूस. भाऊजींनी खाली बघत सांगितलं, “साहेब, माझा हात धरल्यावर लगेच सुटत नाही. लहानपणापासून आहे.”

“इतकी वर्षं क्रेट उचलताय,” मॅनेजर म्हणाला. “तेव्हा सुटत होता?”

“कामात असलो की सुटतो.”

“म्हणजे क्रेट सुटतो, बाई सुटत नाही.”

युनियनच्या माणसानं आम्हाला नंतर कबूल केलं, मॅनेजरच्या या वाक्यावर हसू त्यालाही आलं होतं. पण त्या मॅडम हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, “असं काही असेल तर दाखवता येईल ना? यात वाद कशाला. माझा हात धरा. घट्ट धरा. आणि सोडा.”

याहून सोपी परीक्षा कोणी कोणाची घेतली नसेल. नापास झालं की सुटका. आयुष्यभर जे नको नको म्हणत आले तेवढं एकदाच, त्या एका खोलीत, व्हायला हवं होतं.

भाऊजींनी मॅडमचा हात धरला. घट्ट धरला. आणि सोडला. तुमच्या-माझ्यासारखा, झटकन.

“पुन्हा,” मॅडम म्हणाल्या.

पुन्हा धरला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षा हलका. मॅनेजरनं खुर्ची मागे सरकवली. “निदान खोटं तरी धड बोला,” तो म्हणाला.

भाऊजी फाटकातून बाहेर आले तेव्हा त्यांची चाल इतकी मोकळी होती, की मला वाटलं जिंकले. ताईला लगेच कळलं. तिनं त्यांच्या हाताकडे बघितलं.

“अहो, आत बोलवायच्या आधी काय करत होतात?”

“बसलो होतो. बाहेरच्या बाकावर. बराच वेळ बसवलं त्यांनी.”

“बसून काय करत होतात?”

ते हळूच म्हणाले, “सवय आहे गं. मूठ उघड-मीट करत होतो.”

“भाऊजी!” मी रस्त्यात ओरडले. “आज कशाला मोकळा केलात हात? आज तर अडकायलाच हवा होता!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यावर मला रागावताही येईना. “ते माझ्या ध्यानातच आलं नाही असं नाही,” ते म्हणाले. “बाकावर बसल्या बसल्या आलं होतं. पण त्या तिघांसमोर हात अडकला असता, आणि ते बघत राहिले असते... मला ते होईना.”

नोकरी गेली. सांगायची गोष्ट ही नाही, की नोकरी गेली. आधी लोक म्हणत होते, पैलवानानं बाईचा हात धरला. आता म्हणायला लागले, हात धरला तो धरला, वर रोगाचं सोंग आणलं. आमच्या रस्त्यावरच्या बायका ताईशी बोलताना आवाजात साखर घालायला लागल्या. नळावर, दुकानात, जिथं जाईल तिथं भाऊजी दिसले की बायका हात पदराआड किंवा पिशवीमागे घ्यायच्या. मुद्दाम नाही, आपसूकच. ते त्यांच्या लक्षात येत होतं.

धाकटीचं लग्न थाटात झालं. भावाला मागच्या खोलीत भांड्यांवर लक्ष ठेवायला बसवलं होतं, उगाच कोणी विचारायला नको म्हणून. मी लग्नाला गेले आणि कोणाशी बोलले नाही. जे मला ओळखतात त्यांना त्यातून जे कळायचं ते कळलं.

त्यानंतर भाऊजी एका सायकल-स्टँडवर राखणदार म्हणून लागले. एकदा रस्ता ओलांडताना मागून गाडीनं जोरात हॉर्न वाजवला. दचकले की त्यांचं सगळं अंग एकदम आखडतं. उभेच्या उभे आडवे झाले, हात पुढे करून सावरणंही जमलं नाही. खांद्याजवळचं हाड मोडलं, दोन दात गेले. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं हाड बांधता बांधता एका तरुण डॉक्टरणीनं विचारलं, “पडताना हात पुढे का नाही केले?” भाऊजी गप्प. मी गप्प बसणारी नव्हे. मी सगळं बोलून टाकलं.

तिनं छोटी हातोडी आणली आणि त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी मांसल भागावर टक्क करून मारली. अंगठा आत वळला आणि तसाच राहिला. मग हळूहळू परत आला. “मायोटोनिया,” ती म्हणाली. जन्मापासूनचं असतं, वंशात उतरतं. स्नायू सतत आवळत राहतात म्हणून असे भरलेले दिसतात. गोळ्यांनी बराच आराम पडतो. ती हे सगळं असं सांगत होती, जसं मी गिऱ्हाइकाला अस्तर समजावून सांगते. मग म्हणाली, “इतके दिवस कुठं होतात?”

ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

गोळ्या लागू पडल्या, बऱ्यापैकी. भाऊजी डेअरीत गेले. मॅनेजर बदलला होता, नवा म्हणाला, जुनं प्रकरण आहे, आता काही होणार नाही. त्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. त्यांना त्या लॅबमधल्या बाईला सांगायचं होतं, फक्त तिला. एकदा ती रस्त्यात समोरून येताना दिसली. हे थांबले. तिनं यांना ओळखलं, आणि ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं गेली. हाक मारायचा धीर यांना झाला नाही. बाईमाणसाला रस्त्यात हाक मारून थांबवायचं, तेही यांनी.

धाकटीला मुलगी झाली, ती चालायला-बोलायला लागली. डॉक्टरणीनं सांगितलेलं ताईनं धाकटीला जाऊन सांगितलं होतं, मुलीला दाखवून घे म्हणून. धाकटी म्हणाली, “वहिनी, ती चांगली आहे. तुम्ही इथं येऊन असलं काही बोलू नका.” आणि त्या एवढ्याशा पोरीला ती जिन्यात उभं करून मूठ उघड-मीट करायला शिकवत होती.

मुलीच्या वाढदिवसाला आम्ही गेलो होतो. धाकटीच्या घरी माणसं जमली होती, मुलं खेळत होती. भाऊजी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. खेळता खेळता त्या पोरीनं दुसऱ्या एका मुलीची वेणी पकडली. पोरंच ती, पकडणारच. पण मग ती सोडेना. ती दुसरी किंचाळायला लागली. धाकटीचा नवरा आतून आला. “सोड,” म्हणाला. “सोड म्हणतो ना!” आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

भाऊजी उठायला गेले. बराच वेळ बसलेले. गुडघे वळेनात. खुर्चीचे हात धरून ते अर्धवट उभे राहिले आणि तिथेच अडकले. ते तिथवर पोचेपर्यंत बापानं आणखी मारलं होतं. पोरगी रडून रडून डोळे गच्च मिटून बसली होती, आणि ते डोळेही तिला उघडता येत नव्हते. “बघा, कशी नाटकं करते,” बाप म्हणाला. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती जागची हलली नाही.

“मारू नका तिला,” भाऊजी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. “तिचा हात सुटत नाहीये. माझाही सुटत नाही. आमच्या घरात आहे हे. आईला आहे, मला आहे, हिलाही आहे.” आणि त्यांनी बहिणीकडे बोट केलं.

धाकटीची सासू पुढे आली. कडक बाई, फारशी न बोलणारी. ती खाली बसली, नातीची मूठ दोन्ही हातांत घेतली आणि नुसती बघत राहिली. बोटं एकेक करून आपोआप सैल झाली, वेणी सुटली. तिनं नातीला जवळ घेतलं.

“खरं आहे,” ती म्हणाली. “पोर खोटं करत नव्हती.”

ना भाऊजींना हात धरायला लावला, ना ‘पुन्हा’ म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा परक्या कोणी तरी भाऊजींचं बोलणं ऐकलं आणि खरं मानलं. मला तर तिथेच रडू आलं. मग त्या बाईनं मान वर करून सुनेला विचारलं, “लग्नाआधी तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?”

धाकटी खाली बघून मूठ उघड-मीट करायला लागली. तेच उत्तर होतं.

आठवडा गेला नाही तोच ती मुलीला घेऊन ताईच्या दारात उभी राहिली. नवऱ्यानं सांगितलं होतं, फसवणुकीचा संसार मला नको. आईनं घरात घ्यायला नकार दिला होता. “त्यानं केलंय, त्यानंच निस्तरावं,” असं आई म्हणाली. मी तेव्हा तिथेच होते, ताईचं ब्लाउज मापाला घेऊन आले होते. मुलगी आल्या आल्या ताईच्या कडेवर जाऊन बसली. धाकटी पिशवी खाली न ठेवता उंबऱ्यावर उभी.

भाऊजी म्हणाले, “तिला आता तिथं कोणी मारणार नव्हतं ना?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, हिला कोणी हात लावायचा नाही म्हणून.”

“डॉक्टरकडेही नेलं असतं त्यांनी.”

“नेलं असतं.”

“मग झालं तर.”

“तुझं झालं, दादा,” धाकटी म्हणाली. “एवढी वर्षं तुझं कोणाला खरं वाटलं नाही. वाटलं ते नेमकं माझ्या सासूला.”

भाऊजींनी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं ती दिली नाही, स्वतःच आत घेऊन गेली.